सामाईक स्नानजलाची रासायनिक शुद्धी : माजलगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

मराठी घरातील स्नान हे मूलतः अंगावर ओतून घ्यावयाचे स्नान होय. बंबात अथवा चुलाणावरील हंड्यात तापविलेले पाणी घंगाळात काढावयाचे, विसण घालून ते अंगाला सोसेल असे करावयाचे आणि तांब्याने अंगावर घ्यावयाचे, ही सर्वपरिचित रीत. अंगाला लागलेले पाणी पुन्हा घंगाळात येत नाही. मोरीवाटे ते परसातील अळवाला किंवा केळीला मिळते. पाणी एकदाच वापरले जात असल्यामुळे तेच पाणी दिवसानुदिवस स्वच्छ कसे राखावे, हा प्रश्न या रीतीत उद्भवतच नाही. जेथे माणूस स्वतः पाण्यात उतरतो, पाणी तेच राहते आणि माणसे मात्र बदलत जातात, तेथे तो उद्भवतो. तीर्थाचे कुंड, पायऱ्यांची बारव, ऊन पाण्याचा झरा ही आपल्याकडील अशा जलाशयांची जुनी उदाहरणे. पोहण्याचा तलाव आणि ज्यास 'हॉट टब' म्हणतात ते पाश्चात्य धर्तीचे गरम पाण्याचे स्नानकुंड ही त्यांची नवी भावंडे होत. जुन्या बारवेत सरकारी माणूस जे औषध टाकीत असे आणि नव्या स्नानकुंडात त्याचा मालक जे औषध टाकतो, त्यांत रसायनशास्त्राच्या दृष्टीने फारसे अंतर नाही. या औषधांचा इतिहास म्हणूनच एकत्र पाहणे इष्ट ठरते.

या दृष्टीने बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुका अभ्यासास सोयीचा आहे. तालुक्याच्या उत्तर अंगाने गोदावरी वाहते. सिंदफणा नदी तालुक्यातून जाऊन मंजरथ येथे तीस मिळते आणि या संगमावर स्नानासाठी व श्राद्धादी विधींसाठी लोक येतात. गोदावरीच्या दक्षिण तीरावरील पुरुषोत्तमपुरी येथे अधिक मासात, म्हणजे लोकभाषेत धोंड्याच्या महिन्यात, मोठी यात्रा भरते. यादव राजा रामचंद्र याचा शके १२३२ (इ. स. १३१०) चा ताम्रपट याच गावी सापडला व वा. वि. मिराशी यांनी तो संपादून प्रसिद्ध केला, यावरून स्थळाचे प्राचीनत्व ध्यानी येते. नदीच्या वाहत्या पाण्यात औषध घालून उपयोग नसतो. ते घटकाभरात पुढील गावी जाते. परंतु यात्रेस आलेली हजारो माणसे ज्या विहिरींवर, टाक्यांवर आणि साठवणीच्या पाण्यावर अवलंबून असतात त्यांचा प्रश्न निराळा आहे. काळ्या जमिनीच्या या प्रदेशात उन्हाळी महिन्यांत पाणी विहिरींच्या व बारवांच्या तळाशी जाते. थोडे पाणी आणि पुष्कळ माणसे हीच तर सामाईक जलाची खरी कसोटी.

या इतिहासाकडे पाहताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते. प्रत्येक काळाने पाण्याच्या शुद्धीची एखादी सहज दिसणारी खूण मानली. कोणी नितळपणा मानला, कोणी रंग, कोणी वास, तर कोणी पाण्याचे वाहतेपण. आणि त्या त्या खुणेच्या आडून रोगाने आपले काम चालू ठेवले.

नितळपणाची खूण सर्वांत जुनी. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात गढूळ पाणी निवळविणारी सात द्रव्ये सांगितली आहेत. त्यांत कतक म्हणजे निवळीचे बी प्रमुख आहे, आणि त्यांत वस्त्राचाही समावेश आहे. वस्त्राकडे पुढे पुन्हा वळावे लागणार आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेच्या दकार्गलाध्यायात त्यापुढची पायरी सांगितली. अंजन, नागरमोथा, वाळा, कोशातकी व आवळा यांचे चूर्ण कतकासह विहिरीत टाकावे, म्हणजे गढूळ, कडू, खारट अथवा दुर्गंधी पाणीही स्वच्छ व सुवासिक होते, असा त्याचा आशय आहे. हे विधान लक्षात घेण्याजोगे आहे, कारण येथे औषध घागरीत टाकावयाचे नसून संपूर्ण विहिरीत टाकावयाचे आहे. सामाईक पाण्यावर सामाईक उपचार करण्याची कल्पना या देशात इतकी जुनी आहे. निवळीच्या बियांचे कार्यही काल्पनिक नव्हे. बी उगाळून घातले असता त्यातील द्रव्यांमुळे पाण्यातील सूक्ष्म मृत्कण एकत्र येऊन खाली बसतात, आणि त्यांबरोबर काही जंतूही बसतात. तुरटीचे कार्य याच जातीचे. तथापि सगळे जंतू तळाशी जात नाहीत आणि गेलेले मरत नाहीत. पायऱ्या उतरून आलेल्या माणसाच्या पायांनी तळ ढवळला की ते पुन्हा वर येतात. नितळ पाणी म्हणजे निर्दोष पाणी, ही समजूत येथेच अपुरी पडते.

ती किती अपुरी पडते याचा शास्त्रीय पुरावा १८८४ साली कलकत्त्यास मिळाला. पटकीच्या कारणाचा शोध घेण्यास आलेल्या रॉबर्ट कोख या जर्मन शास्त्रज्ञास पटकीचे स्वल्पविरामाच्या आकाराचे जंतू तेथील एका तळ्याच्या पाण्यात आढळले. त्या तळ्यावर भोवतालच्या वस्तीतील माणसे अंघोळ करीत, कपडे धूत आणि त्याच तळ्याचे पाणी पिण्यासही नेत. रोग्याचे मळके कपडे जेथे धुतले जातात तेथूनच निरोगी माणसाची घागर भरली जाते, ही गोष्ट कोणा रहिवाशास ठाऊक नव्हती असे नाही. परंतु तिचा अर्थ सूक्ष्मदर्शकाने प्रथमच उलगडून दाखविला. पाण्यात माणसाने उतरणे आणि पाणी पिणे या दोन क्रिया एकाच जलाशयावर होऊ लागल्या म्हणजे काय घडते, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

यानंतरच्या दशकात आग्रा येथील सरकारी रासायनिक परीक्षक अर्नेस्ट हॅनबरी हॅनकिन (१८६५–१९३९) यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत पुरस्कारिली. हेच खेड्यापाड्यांतून प्रसिद्ध झालेले 'लाल औषध'. जांभळट काळे खडे बादलीत विरघळवावयाचे, ते पाणी विहिरीत ओतावयाचे, पोहरा वरखाली करून ते ढवळावयाचे आणि पाण्यावर गुलाबी छटा टिकेपर्यंत औषध वाढवीत जावयाचे, असा विधी असे. पुढे अर्धशतकाहून अधिक काळ साथीची चाहूल लागली की विहिरीत लाल औषध टाकणे हा या देशात आरोग्यखात्याच्या अस्तित्वाचा जणू पुरावाच होऊन बसला.

या औषधाविषयी निकाल देताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. परमँगनेट हे प्रबळ ऑक्सिडीकारक आहे. पाण्यात सेंद्रिय घाण असेल तर ते तिच्यावर खर्च होते, गुलाबी रंग नाहीसा होतो आणि तपकिरी गाळ उरतो. म्हणजे रंग उडणे ही घाणीची प्रामाणिक खूण होती. रंग टिकेपर्यंत औषध वाढवावे, या सूचनेत पाण्याची भूक भागल्यावाचून औषध शिल्लक राहत नाही हे तत्त्व पुरतेपणी होते, आणि तेच तत्त्व आजही सर्व जलशुद्धीच्या मुळाशी आहे. पण रंग टिकला म्हणजे पाणी निर्जंतुक झाले, हे मात्र खरे नव्हे. पटकीच्या नाजूक जंतूंवर हे औषध काही प्रमाणात चालते. विषमज्वर व आमांश यांच्या जंतूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. शिवाय पाण्याचा रंग, वास व चव बिघडते. म्हणूनच आरोग्यशास्त्राच्या ग्रंथांनी पुढे हे औषध विहिरींसाठी बाद ठरविले. तरीही ते व्यवहारातून लवकर गेले नाही. औषध टाकल्याचे सगळ्या गावाला दुरून दिसते, हा गुण रसायनशास्त्राच्या कोष्टकात बसत नसला तरी कारभाराच्या दृष्टीने लहान नव्हता.

त्याची जागा घेणारे विरंजक चूर्ण हे औषध म्हणून जन्मास आलेलेच नव्हते. क्लोरीन वायू शेले याने १७७४ साली वेगळा केला. तो विझलेल्या चुन्यात शोषवून चूर्णरूपाने बाळगण्याची युक्ती ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट याने १७९९ साली पेटंट केली, ती कापड शुभ्र करण्यासाठी. १८९७ साली इंग्लंडातील मेडस्टन गावी विषमज्वराची मोठी साथ उसळली तेव्हा या चूर्णाच्या द्रावणाने तेथील जलवाहिन्या धुऊन काढण्यात आल्या. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात ते अखंडपणे मिसळण्यास प्रारंभ झाला. महाराष्ट्राच्या ग्रामपंचायतींतून आज हेच द्रव्य 'टीसीएल पावडर' या नावाने ओळखले जाते आणि ते टाकण्याची जबाबदारी पंचायतीने नेमलेल्या जलसुरक्षकाकडे असते. ताज्या चूर्णात उपयुक्त क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. पण पोते उघडे राहिले, त्यास ऊन वा ओल लागली, की तो झपाट्याने उडून जातो. चूर्ण पांढरे ते पांढरेच दिसते. येथेही डोळा फसतोच.

किती चूर्ण घालावे, हा प्रश्न वरकरणी भूमितीचा वाटतो. विहिरीचा व्यास ४ मीटर व पाण्याची खोली ५ मीटर असेल तर पाणी सुमारे ६२,८०० लिटर भरते. सामान्य विहिरीसाठी दर हजार लिटरला २.५ ग्रॅम उत्तम चूर्ण हे पाठ्यपुस्तकी प्रमाण धरले तर सुमारे १५७ ग्रॅम चूर्ण पुरावे. गोल विहिरीसाठी हे गणित शाळकरी मुलासही जमेल. बारवेचे तसे नाही. तिचा आकार चौकोनी किंवा बहुकोनी. पायऱ्यांचे टप्पे जसजसे खाली जातात तसतशी जागा आकसत जाते. पाणी एक टप्पा उतरले की जुने गणित चुकते. श्रावणात काठोकाठ भरलेल्या बारवेची मात्रा वैशाखातील तळाच्या पाण्याला लावली तर ते पाणी तोंडी धरवणार नाही, आणि वैशाखातील मात्रा श्रावणात लावली तर औषध न घातल्यासारखेच.

परंतु घनफळ अचूक निघाले तरी प्रश्न सुटत नाही, हे इंग्रज लष्करातील वैद्यकीय अधिकारी विल्यम हॉरॉक्स यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या साध्या पेटीने दाखवून दिले. पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी तळांवर रूढ झालेल्या या पेटीत एक काळा आणि सहा पांढरे प्याले असतात. काळ्या प्याल्यात २ ग्रॅम चूर्णाचे द्रावण करावयाचे. पांढऱ्या प्याल्यांत तपासावयाचे पाणी भरून त्यांत त्या द्रावणाचे अनुक्रमे एक, दोन, तीन असे सहापर्यंत थेंब टाकावयाचे. अर्धा तास थांबून प्रत्येकात दर्शक द्रावणाचे थेंब सोडावयाचे. ज्या प्याल्यात प्रथम स्पष्ट निळा रंग येईल त्याचा अनुक्रमांक दोनाने गुणला म्हणजे ४५५ लिटर पाण्यास लागणारे चूर्ण ग्रॅममध्ये मिळते. वर घेतलेल्या विहिरीत तिसरा प्याला निळा झाला असे धरले, तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम, म्हणजे संपूर्ण विहिरीस सुमारे ८२८ ग्रॅम चूर्ण लागेल. पाठ्यपुस्तकी प्रमाणाच्या हे पाचपटींहून अधिक झाले. हा फरक कोठून आला? पाण्यातील सेंद्रिय द्रव्याने, अमोनियाने आणि गाळाने क्लोरीन खाऊन टाकला. पाण्याची ही भूक भागल्यावर, चूर्ण मिसळून तासभराने, दर लिटरला अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असला तरच शुद्धी झाली असे मानतात. हॅनकिनच्या गुलाबी छटेमागील तत्त्व येथे मोजमापात उतरले. १९१८ पासून हा शिल्लक क्लोरीन ऑर्थोटोलिडीन या द्रव्याच्या पिवळ्या रंगावरून ओळखू लागले. खेड्यातील कर्मचारी ज्यास 'ओटी टेस्ट' म्हणतात ती चाचणी हीच.

शिल्लक क्लोरीनही सर्व पाण्यांत सारखा काम करीत नाही. पाण्यात क्लोरीनची दोन रूपे असतात. हायपोक्लोरस आम्ल हे जंतूंना वेगाने मारते, तर हायपोक्लोराइट आयन त्यामानाने फारच दुबळा असतो. यांतील कोणते रूप किती असेल ते पाण्याच्या सामूवर, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणाच्या मापावर, अवलंबून असते. सामू ७.५ च्या आसपास असताना दोन्ही रूपे जवळजवळ निम्मी निम्मी असतात, तो ८.५ वर गेला की प्रभावी रूप सुमारे एक दशांशच उरते. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड व किंचित अल्कधर्मी असते, आणि विरंजक चूर्ण चुन्यापासून बनत असल्यामुळे ते स्वतः त्यात भर घालते. गरम पाण्याच्या स्नानकुंडाचा मालक सामू ७.२ ते ७.८ च्या दरम्यान राखण्यासाठी आम्ल किंवा क्षार मोजून घालतो, तो याच कारणासाठी. पाण्याचा 'तोल' राखणे म्हणतात ते हेच. विहिरीच्या बाबतीत इतकी काळजी घेणे शक्य नसते. तेथे मात्रा वाढवून आणि वेळ देऊन भागवावे लागते. एक उपयुक्त तोड नागपूर येथील संशोधनसंस्थेने काढली. १९५८ साली केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून स्थापन झालेली व १९७४ पासून 'नीरी' या नावाने ओळखली जाणारी ही संस्था. तिच्या दुहेरी मडक्याच्या पद्धतीत एकात एक अशी दोन मडकी घेतात. १ किलो चूर्ण व २ किलो जाड वाळू यांचे ओलसर मिश्रण आतील मडक्यात भरतात आणि ती जोडी पाण्याच्या पातळीखाली मीटरभर टांगून ठेवतात. सुमारे साडेचार हजार लिटरच्या घरगुती विहिरीस दोन-तीन आठवडे मंदपणे क्लोरीन मिळत राहतो. एकदाच पुष्कळ औषध ओतण्यापेक्षा थोडे थोडे सतत देणे चांगले, हा विचार कुंभाराच्या मडक्यात इतक्या स्वस्तात बसविला गेला, ही गोष्ट खचितच कौतुकास्पद होय.

असे असूनही बारवेतील सर्वांत दुःखदायक रोगापुढे क्लोरीन पुरा पडला नाही. तो रोग म्हणजे नारू. मराठवाड्यातील जुन्या पिढीस या नावाची वेगळी ओळख करून देण्याची गरज नव्हती. पायावर फोड उठावा, आग व्हावी, फोड फुटून त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत डोकावू लागावा, आणि तो काडीला गुंडाळून दररोज बोटभर, कधी त्याहूनही कमी, ओढून काढावा. ओढताना तुटला की पाय सुजून माणूस महिनोन्महिने अंथरुणाला खिळावा. फोड अनेकदा ऐन शेतीच्या हंगामात फुटे, आणि मग त्या घरची पेरणी किंवा खुरपणी राहून जाई. या रोगाने माणूस क्वचितच मरे. म्हणूनच कदाचित कारभाऱ्यांचे लक्ष पटकीकडे जितके गेले तितके याकडे गेले नाही.

नारूचे चक्र रशियन शास्त्रज्ञ फेदचेंको याने १८७० च्या सुमारास उलगडले. फोडाची आग शमविण्यासाठी किंवा केवळ घागर भरण्यासाठी माणूस बारवेच्या पाण्यात पाय बुडवितो. पाण्याचा स्पर्श होताच जंताची मादी हजारो अळ्या पाण्यात सोडते. सायक्लॉप्स नावाचे एक-दोन मिलिमीटरांचे जलकीटक त्या अळ्या गिळतात, त्यांच्या पोटात सुमारे दोन आठवड्यांत अळ्या वाढतात, आणि ते पाणी जो पितो त्याच्या शरीरात वर्षभराने नवा नारू तयार होतो. या चक्रात बारवेची रचना हीच निर्णायक ठरते. रहाटाच्या विहिरीत माणूस वर राहतो आणि पोहरा खाली जातो. बारवेत माणूसच खाली जातो. ज्या पायऱ्यांनी स्थपतीने पाणी सर्वांच्या आवाक्यात आणले, त्याच पायऱ्यांनी रोगही पाण्यापर्यंत उतरविला. आज या बारवांच्या शिल्पाची योग्य ती प्रशंसा होते. त्या प्रशंसेत ही बाजू झाकली जाऊ नये.

जंतूंसाठी पुरेशी असलेली क्लोरीनची नेहमीची मात्रा सायक्लॉप्सला पुरेशी ठरत नसे, आणि पुरेशी करावी तर पाणी पिण्याजोगे राहत नसे. १९८३-८४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रमात म्हणून टेमेफॉस या निराळ्या द्रव्याचा वापर करण्यात आला. दर लिटरला १ मिलिग्रॅम इतक्या मात्रेत ते सायक्लॉप्सचा नाश करते. परंतु हा विजय एकट्या रसायनाचा नव्हता. पायऱ्या बंद करून बारवांना व पायविहिरींना कठडे बांधणे, हातपंप बसविणे, रोग्यास पाण्यात न उतरण्याविषयी समजाविणे आणि पाणी दुपदरी कापडाने गाळून घेणे, हे उपाय त्याच्या जोडीस होते. सायक्लॉप्स कापडाच्या विणीतून पलीकडे जाऊ शकत नाही. सुश्रुताच्या यादीतील वस्त्र दीड-दोन हजार वर्षांनी अशा रीतीने पुन्हा कामास आले. तेही नितळपणासाठी नव्हे, तर ज्याची सुश्रुतास कल्पनाही नव्हती अशा कीटकासाठी. ज्या सात राज्यांत या रोगाचे ठाण होते त्यांत महाराष्ट्र होता. देशातील अखेरचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातील जोधपूर जिल्ह्यात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

बारवेचा प्रश्न अखेर माणसास पाण्यातून वर काढून सुटला. पोहण्याचा तलाव आणि गरम पाण्याचे स्नानकुंड यांत तो मार्ग उपलब्ध नाही, कारण तेथे माणसाने पाण्यात उतरणे हाच हेतू असतो. २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल अशा तलावात पाणी सुमारे ४ लाख ६९ हजार लिटर असते; एका वेळी पन्नास माणसे उतरली तर माणशी ९,००० लिटरांहून अधिक पाणी येते. दीड हजार लिटरच्या स्नानकुंडात चार माणसे बसली तर माणशी ३७५ लिटरच. शिवाय पाणी ३७ ते ४० अंश सेल्सिअस इतके ऊन असल्याने घाम सुटतो, क्लोरीन भराभर उडून जातो आणि जंतूंस मात्र ती ऊब मानवते. घाम व मूत्र यांतील युरिया आणि अमोनिया यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामिने तयार होतात. तलावावर डोळे चुरचुरतात व जो उग्र वास येतो तो या क्लोरामिनांचा असतो. क्लोरीन फार झाला असे समजून लोक नाक मुरडतात; वस्तुतः मुक्त क्लोरीन कमी पडल्याचीच ती खूण असते. उपाय वरकरणी उलटा वाटतो: क्लोरीन आणखी, अमोनियाच्या सुमारे दहापट, घालून ही संयुगे मोडावी लागतात.

नाकाप्रमाणे कानही फसतो. खळाळते पाणी शुद्ध, ही समजूत आपल्याकडे तर आहेच. पाश्चात्य देशांतही ती असावी. १९९९ साली नेदरलँड्समधील बोव्हेनकार्स्पेल येथील पुष्पप्रदर्शनात विक्रीसाठी मांडलेली गरम पाण्याची कारंजी स्नानकुंडे चालू ठेवण्यात आली होती. त्यांत कोणी स्नान करीत नव्हते. औषधावाचून राहिलेल्या ऊन पाण्यात लीजिओनेला नावाचे जंतू वाढले, बुडबुड्यांबरोबर सूक्ष्म तुषारांतून हवेत गेले आणि शेजारून केवळ चालत गेलेल्या प्रेक्षकांच्या फुप्फुसांत शिरले. तीसच्या आसपास माणसे दगावली.

मराठवाड्यात या पाश्चात्य कुंडाचा सर्वांत जवळचा नातेवाईक शोधावयाचा तर तो नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील उनकेश्वर येथे सापडतो. शरभंग ऋषींच्या कथेशी जोडलेल्या या स्थळी गंधकयुक्त ऊन पाण्याचे झरे असून त्वचारोगावर गुण येतो या श्रद्धेने लोक तेथे स्नान करतात. अशा झऱ्याची शुद्धी राखणारा मुख्य घटक कोणतेही औषध नसून नव्या पाण्याची सततची आवक हा आहे. स्नान केलेले पाणी बाहेर जाते आणि भूगर्भातून दुसरे येते, म्हणजे घंगाळाचाच न्याय निसर्गाने मोठ्या प्रमाणावर चालविलेला असतो. ही आवक मंदावली आणि कुंडात पाणी साचले तर क्लोरीनचा आश्रय सहज घेता येत नाही. गंधकाची विद्राव्य संयुगे क्लोरीनला तत्काळ खर्ची घालतात, आणि ज्या गंधकासाठी लोक येतात तेच त्यात नष्ट होते.

माजलगावच्या आसमंताचे जलजीवन गेल्या अर्धशतकात पुष्कळ पालटले. पैठण येथील जायकवाडी धरणाने गोदावरीचा प्रवाह बांधला, सिंदफणेवर माजलगाव धरण झाले, गावोगाव नळयोजना आल्या आणि बारवांतील स्नान जवळजवळ संपले. परंतु पुरुषोत्तमपुरीचा धोंड्याचा महिना पूर्ववत सुमारे तीन वर्षांनी येतोच. तो कोणत्या ऋतूत येईल हे पंचांगावर अवलंबून असते, आणि पाण्याची भूक ऋतूवर. २०१८ साली अधिक ज्येष्ठ होता. तेव्हा ऐन उन्हाळ्याच्या शेवटी विहिरींचे पाणी तळाला असते. २०२० साली अधिक आश्विन आला, त्या वेळी साथीमुळे राज्यातील मंदिरेच बंद होती. २०२३ साली अधिक श्रावण होता, म्हणजे पावसाळ्याचे गढूळ पाणी, आणि गढूळ पाणी क्लोरीन अधिक खाते. २०२६ सालचा अधिक मास पुन्हा ज्येष्ठच. एका यात्रेसाठी ठरविलेली चूर्णाची मात्रा दुसऱ्या यात्रेस लागू पडत नाही. पोते उघडल्यावर चूर्णाचा कस आणि विहिरीत उतरलेल्या दोरीवरून पाण्याची खोली, ही दोन्ही मापे दर वेळी नव्याने घ्यावी लागतात.